उन्हात बंद, संध्याकाळी चालू: जुन्या होंडा सिटी व्हीटेकचा दर उन्हाळ्यातला बिघाड

मे महिना, दुपारचे तीन. नागपुरात खामल्याच्या बाजारात दहा मिनिटांसाठी गाडी उन्हात लावली, भाजी घेतली, परत येऊन चावी फिरवली. स्टार्टर नेहमीच्या जोरात फिरला, पण इंजिन काही पेटेना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. टाकी अर्धी भरलेली, बॅटरी सहा महिन्यांची, तापमानाचा काटा जागच्या जागी. दोघा जणांनी ढकलून गाडी कडुनिंबाखाली नेली. सहा वाजता मेकॅनिक आला, त्याने चावी लावली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. "ताई, गाडीत तर काहीच नाही," तो म्हणाला. त्या घडीला ते खरंच होतं.

या बिघाडात माणूस अडकतो तो इथेच. गाडी तापलेली असते तोवरच बिघाड असतो, गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. माझ्या गाडीत दोन उन्हाळ्यांत प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, पेट्रोल फिल्टर बदलला, शेवटी टाकीतला पंपही बदलला. जुना पंप चांगला होता, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गाडी जिथे बंद पडली तिथेच, त्याच उन्हात, दहा मिनिटांची तपासणी चालवणाऱ्यानेच करायला हवी. मेकॅनिक कितीही हुशार असला तरी थंड झालेल्या गाडीत त्याला काय दिसणार?

गाडी बाबांची, २००१ ची. कागदावर ती चार दारांची सेडान आहे, पण २००० साली आपल्याकडे आलेलं ते दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, १०६ बीएचपी आणि हलकं अंग, या जोरावर आमच्या पिढीची परवडणारी स्पोर्ट्स कार तीच होती. २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली आणि हे इंजिन गेलं, त्याची हळहळ आजही ऐकू येते. खाली जे लिहिते आहे ते या गाडीपुरतं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या होंडाच्या सीआरएक्स, इंटेग्रा, प्रेल्यूड, अगदी एनएसएक्ससारख्या सुपरकारलाही हाच आजार होतो, कारण त्यांच्यातला 'मेन रिले' नावाचा छोटा डबा, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, त्याच धाटणीचा आहे.

चावी 'ऑन' करून दोन सेकंद ऐका

गाडी सुरू होत नाही म्हणून सारखा स्टार्टर मारत बसू नका. एसी, रेडिओ, ब्लोअर सगळं बंद करा. काचा खाली करा. पेट्रोलचं झाकण उघडून सोबतच्या माणसाला त्या तोंडाशी कान लावायला सांगा. आता चावी फक्त 'ऑन' करा, स्टार्ट करू नका.

धडधाकट गाडीत एकाच वेळी तीन गोष्टी होतात. डॅशबोर्डखालून 'टक्' असा आवाज येतो. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि साधारण दोन सेकंदांनी विझतो. तेवढीच दोन सेकंदं टाकीतून पंपाची बारीक घरघर ऐकू येते, मग पंप थांबतो आणि पुन्हा एकदा 'टक्' होतं. पंपाने नळीत दाब तयार केला, आता इंजिन फिरण्याची वाट पाहतोय, असा त्याचा अर्थ.

माझ्या गाडीत दिवा लागत होता, विझत होता, घरघर मात्र येत नव्हती. संध्याकाळी तीच गाडी, तीच चावी, आणि घरघर स्पष्ट. हा फरक ज्या दिवशी पहिल्यांदा कानाने टिपला, त्या दिवशी अर्धं काम झालं. तोवर दोन वर्षं मी इंजिनाकडे बघत होते.

घरघर नाही म्हणजे पंप गेला, असं लगेच धरू नका. मी तेच धरलं होतं. मागची सीट काढून पंपाचा कनेक्टर सोडवा, त्यात टेस्ट लॅम्प लावा आणि कुणालातरी चावी ऑन करायला सांगा. दिवा दोन सेकंद लागला आणि तरी पंप गप्प असेल, तर दोष पंपाचा. दिवा लागलाच नाही, तर पंपापर्यंत वीजच पोहोचत नाही. आधी फ्यूज बघा, तो ठीक असेल तर मेन रिले. पंपाच्या झाकणाशी पेट्रोलची वाफ असते, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत करा आणि जवळ ठिणगी उडेल असं काही ठेवू नका.

चेक इंजिनचा दिवा चावी ऑन केल्यावर लागतच नसेल, तर ईसीयूलाच, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकालाच, वीज मिळत नाही. तेव्हाही संशय आधी फ्यूजवर आणि याच रिलेवर घ्यायचा, फक्त त्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर.

मेन रिले: एका डब्यात दोन रिले

हा काड्यापेटीहून थोडा मोठा प्लास्टिकचा डबा डॅशबोर्डखाली बसवलेला असतो. मॉडेलनुसार जागा थोडी बदलते, म्हणून चावी ऑन-ऑफ करत हाताने चाचपा. जो डबा टकटक करताना बोटाला जाणवतो, तो तोच. आत दोन रिले असतात. चावी ऑन झाली की पहिला ईसीयूला आणि इंजेक्टरला वीज देतो. दुसरा पंपाला वीज देतो, पण ईसीयूने हुकूम दिला तरच. इंजिन फिरतंय हे दिसेना, की ईसीयू पंप बंद करतो. अपघातात पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय आहे.

दोष रिलेच्या कॉइलमध्ये क्वचितच असतो. रिलेच्या जाड पिना आतल्या बोर्डाला जिथे सोल्डरने जोडलेल्या असतात, तिथे तो असतो. पंपाचा करंट तिथून जातो, म्हणून तो सांधा तापतो आणि निवतो, रोज, वीस-पंचवीस वर्षं. धातूची पिन, सोल्डर आणि बोर्ड तिघंही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात, त्यामुळे पिनेभोवती केसाएवढी गोल चीर पडते. थंडीत चीर मिटलेली असते, वीज जाते. आपल्याकडे ४५ अंशांच्या दुपारी काचा बंद असलेल्या गाडीत आतलं तापमान सहज ६० च्या पुढे जातं. तेवढ्यात चीर उघडते आणि पंप बंद. काचा खाली करून पंधरा-वीस मिनिटं बसलं की गाडी पुन्हा सुरू, कारण तेवढ्यात डबा थोडा निवतो. म्हणूनच हा बिघाड डिसेंबरात कधीच येत नाही आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दिवसाआड येतो.

हे मला सांगितलं शेजारच्या काकांनी. त्यांनी तीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. अंगणात मी रिले उघडून बसले होते. ते भिंतीपलीकडून आले, चष्मा कपाळावर सरकवला, बोर्ड उन्हात तिरपा धरला आणि म्हणाले, "हे तर ड्राय सोल्डर होय. जुन्या टीव्हीत हेच व्हायचं. तासभर चालला की चित्र जाये, वरून थापड मारली की परत ये. तुह्या गाडीचं तेच होऊन राहिलं." भिंग आणून त्यांनी दाखवलं. पिनेभोवती खरोखरच काळसर बारीक कडं होतं. दोन उन्हाळ्यांचा त्रास त्या कड्यात होता.

सोल्डर घरी कसं करायचं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका. रिलेचा कनेक्टर सोडवून एक बोल्ट काढला की डबा हातात येतो. डब्याच्या कडेला खाचा असतात, त्यात बारीक पेचकस घालून झाकण हळूच सैल केलं की बोर्ड बाहेर सरकतो. जोर लावू नका, जुनं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं.

इथे बहुतेक जण एक चूक करतात, मीही पहिल्या वेळी केली: जुन्या सोल्डरवरच नवं सोल्डर चढवलं. दिसायला छान झालं, दोन आठवडे चाललं, मग पुन्हा तेच. जुनं सोल्डर आधी काढायलाच हवं. त्यासाठी तांब्याची विणलेली पट्टी मिळते, दुकानात डिसोल्डर विक म्हणून मागायची. ती सांध्यावर ठेवून वरून इस्त्रीसारखी सोल्डरिंग आयर्न टेकवली की जुनं सोल्डर त्या पट्टीत शोषलं जातं. मग राळेचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायची पेस्ट, लावा. नळाच्या किंवा पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स अजिबात वापरू नका, तो पुढे बोर्ड खातो. सोल्डर ६०/४० चं घ्या. ते १९० अंशांच्या आसपास वितळतं, शिसं नसलेल्या सोल्डरला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते आणि नवख्या हाताने बोर्ड जळायची भीती वाढते. सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सोल्डर, फ्लक्स आणि विक मला तीनशे रुपयांच्या आत मिळालं. आयर्न काकांची होती, ४० वॅटची. जाड पिनांना २५ वॅटची पुरत नाही. पिन उष्णता ओढून घेते आणि सोल्डर नीट पसरत नाही.

आयर्नचं टोक पिन आणि बोर्ड या दोन्हींना एकदम टेकवा, तीन-चार सेकंद थांबा, मग सोल्डरची तार पिनेला लावा, टोकाला नाही. सांधा चकचकीत आणि लहान शंकूसारखा झाला पाहिजे. मळकट गोळा झाला, तर काढून पुन्हा करा. चीर एकाच पिनेला दिसली तरी सगळ्या पिना करा, वय सगळ्यांचं सारखंच आहे. फ्लक्सचा धूर होतो, खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून नंतर हात साबणाने धुवा.

आता डबा पुन्हा बसवण्याआधीची परीक्षा. मेन रिले गाडीच्या कनेक्टरला जोडा पण बाहेर लोंबता ठेवा, इंजिन चालू करा आणि हेअर ड्रायरने दहा मिनिटं त्याला गरम हवा द्या. इंजिन बंद पडलं नाही, तर काम झालं. हीच युक्ती उलटीही वापरता येते: जानेवारीत बिघाड सिद्ध करायचा असेल, तर दुरुस्ती न केलेल्या रिलेवर ड्रायर धरा. सांध्यात चीर असेल तर बहुधा काही मिनिटांत इंजिन थांबतं. मेकॅनिकला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. काकांनी हे बघितलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "आता मे येऊ दे."

नवा रिले घ्यायचा असेल तर जरूर घ्या. मूळ रिले मित्सुबाचे असत. पण वापरलेला, दुसऱ्या जुन्या गाडीतून काढलेला रिले तसाच बसवू नका, त्याच्याही पिनांनी तितकेच उन्हाळे पाहिलेले असतात. मी तसा एक घेतला आहे, पण तो उघडून, सोल्डर करून मगच ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला.

मग पुन्हा बंद पडली, पण वेगळ्या कारणाने

एक उन्हाळा बिनघोर गेला. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये अमरावती रोडवर वाडीच्या पुढे, चालत्या गाडीत, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन अचानक गेलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो रिलेचाच: सोल्डर पुन्हा सुटलं. तसं नव्हतं, आणि ते मला कळलं एका काट्यामुळे.

आधी एक सुरक्षेची गोष्ट. चालत्या गाडीत इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच उरते. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. आणि घाईत चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

आता काट्याची गोष्ट. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत असतात. पेट्रोल बंद झालं असेल, तर स्पार्क चालूच असतो, म्हणून आरपीएमचा काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली येतो. स्पार्क गेला असेल, तर काटा एकदम शून्यावर पडतो, इंजिन फिरत असलं तरी. कारण काट्याला इशारा मिळतो तो डिस्ट्रिब्युटरमधल्या, म्हणजे प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागातल्या, इग्नायटरकडून. इग्नायटर झोपला की काटाही झोपतो. वाडीजवळ माझा काटा एका झटक्यात शून्यावर गेला होता. रस्त्याच्या कडेला थांबून चावी ऑन केली, पंपाची घरघर व्यवस्थित आली. स्टार्टर मारताना काटा जागचा हलला नाही. एरवी स्टार्टर फिरताना तो दोन-तीनशेच्या आसपास थरथरतो. दोन खुणा जुळल्या.

हे पक्कं करायला स्पार्क बघा: एक जादा प्लग वायरीला लावा, त्याचं लोखंड इंजिनाच्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. प्लग हातात धरायचा नाही. इंजिन ओव्हरफ्लो होऊन पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी वास जाऊ द्या.

इग्नायटर हा बोटभर लांबीचा काळा तुकडा, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली स्पार्कच्या कॉइलच्या शेजारी. आतला ट्रान्झिस्टर कॉइलचा करंट चालू-बंद करतो आणि इंजिनाला चिकटून बसलेला असल्यामुळे दोन्हीकडून तापतो. वय झालं की तापल्यावर काम सोडतो, निवल्यावर परत करतो. लक्षण रिलेसारखंच, म्हणूनच इतके लोक फसतात. फरक एवढाच की रिले उन्हात उभ्या गाडीत जास्त रुसतो आणि इग्नायटर बराच वेळ चालवल्यावर.

बदलण्यासाठी अख्खा डिस्ट्रिब्युटर काढावा लागत नाही, त्यामुळे स्पार्कचं टायमिंग हलत नाही. टोपी काढा, मग आतला फिरणारा रोटर. रोटरचा लहान स्क्रू या कामातला सर्वांत त्रासदायक भाग आहे. तो समोर येईपर्यंत इंजिन थोडं थोडं फिरवा, नेमक्या मापाचा पेचकस घ्या, दाबून धरा आणि मगच फिरवा. त्याचं डोकं एकदा गोल झालं की अर्धा दिवस गेला. वायरींचा फोटो आधी काढून ठेवा. जुन्या इग्नायटरच्या पाठीला पांढरी पेस्ट असेल, तर नव्यालाही तशी उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावा, नाहीतर नवाही लवकर जातो. टोपीच्या आत तांबूस भुकटी दिसली तर थांबा. ती डिस्ट्रिब्युटरच्या बेअरिंगची असते, आणि मग नुसता इग्नायटर बदलून पैसे वाया जातील. तेल दिसलं तर सील गेलं आहे.

टोपी उघडीच आहे तर दुसऱ्याला क्षणभर स्टार्टर मारायला सांगून रोटर फिरतोय ना तेही बघा. फिरत नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटला आहे, पुन्हा स्टार्टर मारू नका. बेल्ट तुटलेल्या गाडीत स्टार्टरचा आवाजही नेहमीपेक्षा हलका आणि भरभर येतो. कमी चालणाऱ्या जुन्या गाड्यांत बेल्ट किलोमीटरवर मोजू नका, वर्षांवर मोजा.

आणखी दोन जागा थोडक्यात. एक, थर्मोस्टॅटच्या घराजवळ ईसीयूचा अर्थिंगचा जोड बोल्टने बसवलेला असतो. कूलंटचं काम झालं की तो कधीकधी सैल राहतो किंवा गंजावरच बसवला जातो. माझ्या गाडीत तो हाताने फिरत होता. काढून सँडपेपरने घासून घट्ट केला. दोन, चावीच्या मागचा इग्निशन स्विच. चावी ऑनमध्ये असताना ती हलकेच हलवून बघा. डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले किंवा इंजिन चुकलं, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं. ती तारीख उन्हाळ्यात येत असली तरी ही सगळी कामं मी डिसेंबर-जानेवारीतच उरकते, हेअर ड्रायरच्या परीक्षेसकट. मे महिन्यात पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा आणि मागच्या काचा दोन बोटं खाली, एवढं केलं तरी रिलेचा ताप कमी होतो. हिरव्या जाळीची सावली मिळाली तर उत्तमच.

तुमची गाडी अशीच बंद पडत असेल आणि विचारायचं असेल, तर त्याच वेळी फोनमध्ये चार गोष्टी टिपून ठेवा: चावी ऑन केल्यावर पंपाची घरघर आली का, चेक इंजिनचा दिवा दोन सेकंदांनी विझला का, बंद पडताना किंवा स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा कुठे होता, आणि गाडी उन्हात उभी होती की बराच वेळ चाललेली होती.